किलानरच्या मठातली ओली माती

रविवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी चौकीतला फोन वाजला, तेव्हा सार्जंट नेसा ब्रॉफी बूट काढून, पाय खुर्चीवर टाकून बसली होती. क्लेअरच्या संघाचा लिमरिकला हर्लिंगचा, म्हणजे तिकडच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना होता. सगळा मुलूख तिकडे लोटलेला. चोरांनीही सुट्टी घेतली असावी इतकी शांतता होती.

"सार्जंट, मठात कुणीतरी खणलंय. तुम्ही लगेच या. मी इथून हलत नाही."

आवाज डिम्पना हेहिरचा होता. नेसाने बूट चढवले. डिम्पना फोन करणाऱ्यातली बाई नव्हती. मागच्या हिवाळ्यात तिच्या छपराचे पत्रे उडाले, तेही चौकीला चार दिवसांनी कळलं होतं.

डिम्पना बासष्ट वर्षांची होती, एकटी राहायची. किलानरच्या पडक्या मठाचं फाटक आणि आतल्या चित्रांच्या खोलीचं कुलूप, दोन्हींच्या किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या. तिच्या आधी तिची आई राखणदार होती. मठ बघायला येणाऱ्याने डिम्पनाचं दार वाजवायचं, तिने एप्रनला हात पुसत किल्ली घेऊन निघायचं, असा शिरस्ता. या कामाचा तिला कुणी एक सेंट देत नव्हतं. ती राहायची ते घर आणि मठाकडे जाणारी वाट ज्या शेतातून जाते ते शेत, दोन्ही म्हाताऱ्या मलाकी लिलिसच्या मालकीचं. मलाकी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा, कमालीचा हट्टी. घराचं भाडं म्हणून तो दर रविवारी डिम्पनाकडून रुबार्बचं एक टार्ट घ्यायचा आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुरायचा.

नेसा पोचली तेव्हा ऊन अजून भिंतींवर चांगलं वर होतं. जूनमध्ये तिकडे दिवस मावळायचं नावच घेत नाही. बिनछपराच्या मठात कावळे ओरडत होते. उत्तरेच्या भिंतीपाशी, जुन्या थडग्यांच्या रांगेत डिम्पना पहारेकऱ्यासारखी उभी होती.

तिच्या पायाशी हिरवळीचा एक चौकोन कापलेला होता. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, खोली हातभर. कडा स्वच्छ. कापलेला तुकडा उलटा करून, गवत खाली आणि माती वर, तिथेच ठेवला होता. माती अजून ओली होती.

"काही गेलंय?"

"काही नाही. सगळं मोजलं."

"कधी पाहिलंत?"

"साडेसहाला. फाटक लावायला आले तेव्हा."

"त्याआधी कधी आला होतात?"

"तीनला. दोन जर्मन पोरी होत्या, त्यांना खोली दाखवली. त्या वेळी ही जमीन धड होती. याच भिंतीला टेकून त्यांनी फोटो काढले."

"तीन ते साडेसहा तुम्ही कुठे होतात?"

"घरी, टार्ट भाजत. सहाला मलाकीकडे घेऊन गेले. फिंटनने दारातच हातातून घेतलं. म्हणाला, काका झोपलाय, उठवत नाही."

फिंटन हा मलाकीचा पुतण्या, चाळिशीचा, काकाजवळच राहणारा. त्याचं नाव निघायला आणि तो शेजारच्या शेतातून भिंत ओलांडून यायला एकच गाठ पडली. पोलिसांची गाडी पाहून आलो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. त्या चौकोनाकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"तो इंग्रज असणार," अखेर तो म्हणाला. "तळ्याकाठी व्हॅन लावून बसलाय. जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आहे त्याच्याकडे. अख्ख्या गावाला माहीत आहे."

नेसाने जागेचे फोटो काढले. फोनने प्रत्येक फोटोवर वेळ घातली, सात चव्वेचाळीस. तिथून निघताना डिम्पनाच्या दाराशी टेकवून ठेवलेलं फावडं तिला दिसलं. पात्याला ओली माती होती. विचारलं तर डिम्पना म्हणाली, बटाट्यांना माती लावत होते. बटाट्यांना खरोखरच ताजी माती लावलेली होती. तरी नेसाने ते वहीत टिपून ठेवलं. डब्लिनहून या भागात येऊन तिला तीन वर्षं झाली होती, आणि इथली माणसं खरं सांगतानाही अर्धं पोटात ठेवतात हे ती शिकली होती.

इंग्रजाचं नाव क्लाइव्ह हॅडलो. निवृत्त गवंडी. यंत्र त्याच्या गादीखालीच सापडलं. परवान्याशिवाय ते बाळगणंच चुकीचं, हे त्याने मुकाट कबूल केलं. खणल्याचं मात्र तो साफ नाकारत होता, आणि त्याला राग आला होता तो भलत्याच गोष्टीचा.

"बाई, यंत्र वाजलं की मी वीतभर गोल भोक पाडतो. नाणं निघालं तर घेतो, नाही तर गवत परत बसवतो, वर गवत आणि खाली माती. उलटं कशाला ठेवीन? आपणच गावाला दवंडी पिटायला?"

नेसाने यंत्र जप्त केलं. त्याचं म्हणणं मात्र तिला पटलं. चोर माग लपवतो. इथे कुणी लपवायचा प्रयत्नच केला नव्हता. असं खुशाल, उघड्यावर, दिवसाढवळ्या मठात खणणारा माणूस कोण?

सोमवारी दुपारी बातमी आली. मलाकी लिलिस गेला.

पुतण्याने साडेनऊला डॉक्टरला फोन केला होता. डॉक्टर अकराला आले. हृदय दोन वर्षांपासून दुबळं होतं, त्यांनी दाखला लिहून दिला. फिंटनने सगळ्यांना सांगितलं ते असं, की काका सकाळी ताजातवाना उठला, आठ वाजता एका कागदावर सही केली, चहा घेतला, दमलो म्हणाला आणि नऊ-वीसला गेला. दफन बुधवारी.

तो कागद कसला होता हे मंगळवारी सकाळी कळलं. डिम्पना चौकीत आली, तिच्या हातात त्याची नक्कल होती. खुर्ची पुढे केली तरी ती बसेना.

ते बक्षीसपत्र होतं. मठाचं शेत, वाट आणि डिम्पनाचं घर, सगळं मलाकीने पुतण्याला दिलं होतं. तारीख सोमवारची, वेळ सकाळी आठ. साक्षीदार सेनन मेलिकन, शेजारी. फिंटनने तिला महिनाअखेरची मुदत दिली होती. घर रिकामं करायचं, किल्ल्या द्यायच्या. लिमरिकची एक कंपनी तिथे प्रवाशांसाठी लाकडी बंगल्या बांधणार होती. मठाचं फाटकही मग ती कंपनीच सांभाळणार.

"हे खोटं आहे," डिम्पना म्हणाली. "मलाकीने मृत्युपत्रात ते शेत आणि घर माझ्या नावे केलंय. मला स्वतः सांगितलं त्याने. रविवारी दुपारी चर्चचे फादर त्याला प्रसाद द्यायला घरी गेले होते, त्यांनाही तो म्हणाला, जिवंत आहे तोवर त्या कागदावर सही करणार नाही. मग एका रात्रीत काय झालं? फिंटनने त्याला मारला."

"डॉक्टर म्हणतात, हृदय थांबलं."

"डॉक्टर बरंच काही म्हणतात."

नेसाने पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न तिला आवडत नव्हता, पण तो विचारणं भाग होतं.

"डिम्पना, मृत्युपत्र तुमच्या बाजूचं. म्हणजे सही होण्याआधी मलाकी गेला असता तर फायदा तुमचा होता. आणि रविवारी खणल्याची बोंब तुम्हीच ठोकलीत. फावड्याला माती तुमच्याच होती."

डिम्पनाचा चेहरा पांढरा पडला. ती रडली नाही, पण तिला बसावं लागलं. मग म्हणाली, "मला शेताचं काय करायचंय? माझ्या आईने मरताना माझ्या हातात किल्ल्या दिल्या. लोक दार वाजवतात, मी उघडते. ते गेलं तर मी सकाळी उठू कशासाठी?"

नेसाला स्वतःची लाज वाटली. संशय मात्र तिने सोडला नाही, तो तिच्या पेशाचाच भाग होता.

दुपारी ती मलाकीच्या घरी गेली. मयताचं घर आणि माणसांचा राबता. पुढच्या खोलीत उघडी शवपेटी, मागे चहाची किटली, हॅमचे सँडविच, व्हिस्कीचे घोट आणि मेलेल्याच्या गमती. सेनन मेलिकनची बायको डीलिया तिथे कारभारीण होती. गावातल्या मयतांना आंघोळ घालून नीट करायचं काम तिचंच. सोमवारी बाराला ती आली होती, आणि आल्यागेल्याला एकच गोष्ट ऐकवत होती.

"जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, मेल्यावर माझं काय ऐकणार? हातात जपमाळ गुंफायची तर बोटं वळतील तर शपथ. कोपर वाकेना, मान वळेना. मी म्हटलं, मलाकी, आता तरी सोड रे हट्ट. शेवटी माळ नुसती वर ठेवली. आणि त्या खोलीत काय उकडत होतं म्हणून सांगू, भर जूनमध्ये चूल ढणढणत होती."

बायका हसल्या, डोळेही पुसले. फिंटन कोपऱ्यात उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते. नेसाने आजवर खोटं रडणारे पुष्कळ पाहिले होते. हा खरं रडलेला दिसत होता, आणि त्यामुळेच ती जास्त बुचकळ्यात पडली.

सेनन कुठे आहे विचारलं तर कळलं, मठात, खड्डा खणतोय.

मठात सेनन आणि आणखी दोघे शेजारी कमरेइतके खाली गेले होते. भिंतीवर चहाचा थर्मास आणि बाटली. नेसा जवळ गेली आणि जागच्या जागी थांबली. खड्डा उत्तरेच्या भिंतीपाशी होता. रविवारचा तो चौकोन जिथे होता, नेमका तिथे, डोक्याच्या बाजूला.

"इंग्रजाने आमचं काम हलकं केलं," दोघांतला एक दात काढत म्हणाला.

"ही जागा मलाकीची, हे कुणाला ठाऊक?" नेसाने विचारलं.

"दगडावर कुठे काही लिहिलंय?" सेनन म्हणाला. "घरच्यांना ठाऊक, आणि मला. इकडे त्याची आई, तिकडे भाऊ. मधली जागा त्याची."

"सेनन, बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे."

"आहे."

"मलाकीला सही करताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"सही माझीच आहे, सार्जंट."

"मी ते नाही विचारलं."

सेननने फावडं उगाचच जोरात मारलं. दगड लागला. मग तो दगडाशीच बोलत बसला.

बाकीच्या दोघांची तोंडं सुरू होती. मेलेल्या माणसाची स्तुती करताना खणणं हलकं जातं म्हणे. मलाकी शेजारधर्म जाणणारा माणूस, हवा कोरडी असताना गेला. खड्डा रिकामा सोडून जेवायला जाताना फावडी त्यावर आडवी-उभी टाकायला हवीत. कावळे आज फार ओरडताहेत. टॉमी नायलन गेल्या जानेवारीत शनिवारी गेला, त्याच्या पोराला रविवारी गारांच्या पावसात इथे यावं लागलं आणि निमोनिया झाला, कारण खणायचं सोमवारी होतं आणि सोमवारी कोऱ्या जमिनीला पहिला घाव घालायचा नाही, तो आदल्या दिवशी घरच्याच माणसाने घालून ठेवायचा. पावसाळी खड्ड्यात पाणी भरतं ते वेगळंच. क्लेअरचा गोलकीपर आंधळा आहे. असं बरंच काही.

नेसा ऐकत होती, नुसती हुंकार भरत. परत चौकीत येईपर्यंत तिने वहीत टिपून घ्यायला गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली.

संध्याकाळी तिने तीन फोन केले. पहिला डॉक्टरांना. डॉक्टर आधी वैतागले, मग म्हणाले की मानेला हात लावून पाहिला होता, जबडा घट्ट होता खरा, पण खोली गरम, पांघरुणं गरम, आणि म्हातारा आज ना उद्या जाणारच होता, तेव्हा वेळेचा विचार केला नाही. दुसरा फोन मृत्यूच्या चौकशीच्या अधिकाऱ्याला. तिसरा सेननला, आणि तो सगळ्यात लांबला.

बुधवारी सकाळी नऊला, शवपेटीचं झाकण लावायच्या आधी, नेसाने चौघांना मागच्या स्वयंपाकघरात बोलावलं. फिंटन, सेनन, डीलिया आणि डिम्पना. चौकशीच्या अधिकाऱ्याने पाठवलेला डॉक्टर पहाटेच येऊन गेला होता. नेसाने दार लावून घेतलं.

"आधी एक सांगते," ती म्हणाली. "मलाकीला कुणी मारलं नाही. अंगावर खूण नाही, विषाचं लक्षण नाही. तो आपल्या मरणाने गेला. पण सोमवारी नाही गेला."

पुढच्या खोलीत जपमाळेची प्रार्थना चालू होती.

"डीलिया, बोटं वळत नव्हती, कोपर वाकत नव्हतं. सोमवारी बाराला. नऊ-वीसला गेलेला माणूस अडीच तासांत असा लाकूड होत नाही. जबडा आवळतो फार तर. सगळं अंग असं ताठरायला बरेच तास जावे लागतात. चूल त्यासाठीच पेटवली होती, डॉक्टरांच्या हाताला अंग गार लागू नये म्हणून."

डीलियाने तोंडावर हात ठेवला. तिचा विनोद असा अंगावर येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"म्हणजे तो आदल्या दिवशी गेला. कधी? ते मला मठातल्या जमिनीने सांगितलं. तो चौकोन यंत्रवाल्याचा नव्हता. त्याने गोल भोक पाडून वर गवत झाकलं असतं. इथे एकच तुकडा कापला, उलटा ठेवला, पुढे खणलं नाही. खजिना शोधणारा असं करत नाही. असं तोच करतो ज्याला सोमवारी थडगं खणलं जाणार हे माहीत असतं, आणि कोऱ्या जमिनीला सोमवारचा घाव नको असतो. जागा फक्त घरच्याला आणि सेननला ठाऊक. सेनन दिवसभर लिमरिकला होता, हजार माणसांच्या घोळक्यात. मागे राहिलं कोण?"

"हे आमचे जुने समज आहेत," फिंटन म्हणाला. "कोर्टात चालतील?"

"तेवढ्यावर नाही चालणार. म्हणून सेननला बोलू दे."

सेनन टोपी हातात चुरगाळत उभा होता. "सोमवारी सकाळी मी ट्रॅक्टर बाहेर काढत होतो," तो म्हणाला. "फिंटन कागद घेऊन आला. म्हणाला, काकाने सही केलीय, वर पडलाय, तू फक्त नाव घाल. मी इंजिनाच्या झाकणावर कागद ठेवून नाव घातलं. आपण एकमेकांची घालतोच नावं. मलाकीला मी पाहिलंच नाही. त्यानंतर तो गेल्याचं कळलं, आणि मी खोटी साक्ष घातली हे कुणाला सांगायची मला लाज वाटली."

"कागदावर आदली तारीख घालता येत नव्हती," नेसा पुढे म्हणाली. "दुपारीच मलाकी फादरना नाही म्हणाला होता, आणि त्यानंतर गावात साक्षीला एक माणूस शिल्लक नव्हता. सगळे सामन्याला. म्हणून मलाकीला सोमवारी सकाळपर्यंत जिवंत ठेवणं भाग होतं. सहाला टार्ट दारातच घेतलं गेलं ते त्यासाठी. एक मात्र मला समजलं नाही. फिंटन, लपवायचंच होतं तर मठात गेलास कशाला? तो चौकोन नसता तर डीलियाची गोष्ट नुसती गंमत म्हणून राहिली असती."

फिंटन बसला. त्याने डिम्पनाकडे पाहायचं टाळलं.

"लपवायचं नव्हतं," तो म्हणाला. "चारला गेला तो. खुर्चीत, हातात कप घेऊन. मी एकटा होतो. फोन केले तर कुणी उचलीना, सगळे मैदानावर. मला वाटलं, उद्या खणायचं तर आज हिरवळीचा तुकडा कापून उलटायला हवा, आणि तो मीच उलटायचा. माझ्याशिवाय त्याचं कोण आहे? फावडं घेऊन गेलो. डिम्पना तिच्या घरात होती, तिने पाहिलं नाही. तिथे बसून रडलो मी, सार्जंट. खरंच रडलो. परत येताना भिंतीपाशी फोन वाजला. कंपनीचा माणूस. काका उद्या सही करणार ना, एवढंच विचारलं त्याने. मी हो म्हणालो."

"का?"

"तोंडातून निघालं. मग घरी येईपर्यंत ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. वीस वर्षं मी त्याचं केलं. आणि चांगलं शेत गेलं किल्ली सांभाळणाऱ्या बाईला. मठाकडे पोलिसांची गाडी दिसली तेव्हा धावत आलो, वाटलं, आता सांगून टाकावं. पण तुम्ही चोराचं बोलत होतात, आणि मी इंग्रजाचं नाव घेतलं."

"आणि काका रात्रभर त्या खुर्चीत?"

"पलंगावर. मी शेजारी बसलो होतो. त्याला एकट्याला नाही सोडलं."

डीलियाने क्रूसाची खूण केली. नेसाला फिंटनचा राग येत होता, कीवही येत होती, आणि दोन्हींपैकी कुठलंही कागदावर लिहिता येणार नव्हतं. तिने एवढंच सांगितलं की बक्षीसपत्र रद्द होईल, मृत्युपत्र उभं राहील, आणि खोट्या सहीसाठी त्याला दफन झाल्यावर तिच्याबरोबर यावं लागेल. हॅडलोवर खणल्याचा आळ घेतल्याबद्दल त्याची माफीही मागावी लागेल.

फिंटनने मान हलवली. मग फार हलक्या आवाजात म्हणाला, "काकाला खांदा देऊ द्या मला. मग कुठेही न्या."

"ते मी नाही ठरवणार," नेसा म्हणाली.

सगळे डिम्पनाकडे बघू लागले. तीन दिवसांत ती दहा वर्षांनी म्हातारी दिसू लागली होती. ज्या माणसाने तिला घराबाहेर काढायला निघताना डोळ्याची पापणी हलवली नव्हती, तो आता तिच्यासमोर पोरासारखा मान खाली घालून बसला होता. ती त्याला नाही म्हणाली असती तरी गावात कुणी तिला दोष दिला नसता.

"डोक्याकडची बाजू त्याला द्या," ती सेननला म्हणाली. "घरचा माणूस आहे."

अकराला मलाकी निघाला. सहा जणांनी खांदा दिला, फिंटन डोक्याकडे, उजवीकडे. शेतातून वाट वर जाते तिथे तो अडखळला, पण सावरला. डिम्पना आधीच पुढे जाऊन फाटक उघडून उभी होती, तिच्या आईसारखीच, एप्रन काढून, केस विंचरून. पेटी खाली गेली. फिंटनने माती टाकली आणि कुणी न सांगता पोलिसांच्या गाडीकडे चालू लागला.

माणसं पांगली तरी नेसा थांबली. चौकीत डिम्पनावर घेतलेला संशय तिला अजून टोचत होता, आणि तिने तसं सरळ सांगूनही टाकलं.

डिम्पनाने ते हातानेच उडवून लावलं. ती गाडीत बसलेल्या फिंटनकडे बघत होती.

"तो सुटून परत येईल," ती म्हणाली. "आणि कधीतरी त्याला काकाला भेटावंसं वाटेल. मग माझं दार वाजवावं लागेल त्याला. मी उघडीन, सार्जंट. त्याला चहासुद्धा विचारीन. कंपनीवाल्याला हो म्हणणं त्याला सोपं गेलं, पण माझ्या चहाला हो म्हणायला त्याला फार जड जाईल."